पॅरिसची ती एक तासाची नाव शेवटच्या संध्याकाळी ठेवू नका : सीमाभागातील सहल-आयोजकांस खुले पत्र

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी आणि गोकाक या भागांतून परदेशी सहली नेणारे सर्व आयोजक आणि सहल-व्यवस्थापक यांस,

सप्रेम नमस्कार वि. वि.

मी शहापूर, बेळगाव येथे राहणारी निवृत्त प्राथमिक शिक्षिका आहे. माझे माहेर चिकोडी तालुक्यातले, अगदी कृष्णाकाठचे. त्यामुळे नदीविषयी दोन शब्द बोलण्याचा थोडा अधिकार मला आहे, असे मी समजते. गेल्या मे महिन्यात माझे यजमान, माझ्या वन्सं आणि मी अशा तिघांनी आपल्याच भागातून निघालेली एक युरोप सहल केली. बसमध्ये आम्ही ४१ जण होतो. निम्मे मराठी, निम्मे कन्नड, आणि बहुतेकांना दोन्ही भाषा येणारी, आपल्याकडे असते तशीच ती मंडळी होती. आयोजकांचे नाव मी लिहीत नाही, कारण हे गाऱ्हाणे कुणा एकाविरुद्ध नाही. परतल्यावर मी ओळखीच्या लोकांकडून आणखी काही सहलींची पत्रके मागवून पाहिली, तेव्हा त्यांतल्या बहुतेकांवर पॅरिसच्या अखेरच्या दिवसापुढे जवळपास एकच ओळ आढळली : खरेदी, सेन नदीवर क्रूझ, रात्रीचे जेवण, मुक्काम. त्या एका ओळीविषयी हे पत्र आहे.

प्रथम ‘क्रूझ’ या शब्दाविषयी. पत्रकात हा शब्द वाचून आमच्या वन्संनी बोट लागू नये म्हणून उलटीच्या गोळ्या बरोबर घेतल्या होत्या, आणि निपाणीच्या एका जोडप्याची तर जहाजावर खोली मिळणार अशीच समजूत झाली होती. प्रत्यक्षात ती काचेच्या छपराची, रुंद आणि सपाट तळाची एक लांबलचक नाव असते. ती आयफेल मनोऱ्याच्या पायथ्याकडून निघते, प्रवाहाच्या उलट दिशेने शहराच्या मध्यावरच्या बेटांपर्यंत जाते, वळसा घालते आणि तासाभरात परत येते. ती हलत नाही, डुलत नाही. पॅरिसमध्ये अशा नावांना सर्रास ‘बातो-मूश’ म्हणतात. फ्रेंचमध्ये ‘मूश’ म्हणजे माशी, पण या नावाचा माशीशी काही संबंध नाही. ल्योन शहराच्या मूश नावाच्या भागात अशा नावा बांधल्या जात आणि १८६७ च्या पॅरिस प्रदर्शनात त्या प्रवासी नेण्यासाठी आल्या, तेव्हापासून ते नाव चिकटले. एवढे चार शब्द बसमध्ये सांगितले असते, तर गोळ्यांची पाकिटे बॅगेतच राहिली असती.

आता त्या संध्याकाळी काय घडले ते सांगते. सकाळपासून आम्ही पायी हिंडलो होतो, दुपारी अत्तराच्या दुकानात दीड तास गेला, आणि संध्याकाळी सातच्या सुमारास आम्हाला धक्क्यावर आणून सोडण्यात आले. पत्रकात ‘रोषणाईतील पॅरिस’ असे छापले होते. परंतु मे महिन्याच्या मध्यावर पॅरिसला सूर्य मावळतो तो रात्री साडेनऊच्या सुमारास, आणि अंधार पडायला त्यानंतरही बराच वेळ लागतो. आयफेल मनोरा दर तासाच्या आरंभी पाच मिनिटे लुकलुकतो हे खरे आहे, पण ते अंधार पडल्यावर. आम्हाला सात वाजता मिळाले ते समोरून येणारे तिरपे ऊन आणि काचेच्या छपरावर उमटलेली आमचीच प्रतिबिंबे. व्यवस्थापक हा तरुण, मनमिळाऊ मुलगा होता आणि दिवसभर बिचारा सर्वांच्या पुढे-मागे धावत होता. त्याने नावेत बसल्यावर रात्रीच्या जेवणाची कुपने वाटायला घेतली. आसनाजवळ ऐकण्याचे यंत्र होते. त्यात अनेक भाषा होत्या, मराठी नव्हती आणि कन्नडही नव्हती. इंग्रजीचे बटण दाबून दोन-चार जणांनी ते कानाला लावले आणि थोड्या वेळात पुन्हा जागेवर ठेवले, कारण निवेदनातले बोलणे एका पुलावर आणि आम्ही पुढच्या पुलाखाली, अशी गत चालली होती.

तेवढ्यात कुणाच्या तरी लक्षात आले की खानापूरच्या एका काकांचा वाढदिवस आहे. मागल्या बाजूला सगळे जमले आणि बेळगावहून खास जपून आणलेला कुंदा एका डब्याच्या झाकणावर थापून त्यावर मेणबत्ती लावण्याचा खटाटोप सुरू झाला. नदीवर वारा होता. मेणबत्ती तीन वेळा विझली, चौथ्यांदा कुणीतरी शालीचा आडोसा धरला, टाळ्या झाल्या, कुंदा वाटला गेला. कुंदा उत्तमच होता, त्याविषयी माझी काही तक्रार नाही. पण सगळे आपापल्या जागी येऊन बसल्यावर वन्संनी मला विचारले, “ते जळालेलं देऊळ कधी येणार गं?” नोत्र-दाम केव्हाच मागे पडले होते. ज्या कॅथेड्रलचे बांधकाम ११६३ मध्ये सुरू झाले, ज्याचे ओकच्या लाकडांचे छप्पर १५ एप्रिल २०१९ च्या आगीत कोसळताना वन्संनी घरी टीव्हीवर रडत पाहिले होते, आणि जे डिसेंबर २०२४ मध्ये पुन्हा उघडल्यामुळेच त्यांनी या सहलीचे पैसे भरले होते, ते त्यांच्या पाठीमागून निघून गेले आणि त्यांना कळलेही नाही. मंडळींना दोष देण्यात अर्थ नाही. ज्याला पुढे काय येणार हे ठाऊक नसते, तो वाढदिवसच करणार.

याच नावेत गोकाकच्या एक अक्का माझ्या शेजारी होत्या. वय सत्तरीच्या पुढे, घरी कन्नड, पण मराठी आपल्याकडच्या हेलात अस्खलित. त्यांनी पर्समधून करदंटाचा तुकडा काढून माझ्या हातावर ठेवला आणि दोन्ही काठांच्या दगडी भिंतींकडे बोट दाखवत विचारले, “बाई, इतक्या काठाला घरं बांधल्यात, इथं पूर येत न्हाई काय?” घटप्रभेकाठच्या माणसाला नदी दिसल्यावर पहिला प्रश्न हाच पडतो, आणि माझ्या मते त्या तासाभरात संपूर्ण नावेत विचारला गेलेला सर्वांत चांगला प्रश्नही हाच होता. व्यवस्थापकाला उत्तर ठाऊक नव्हते. तो म्हणाला, “नाही आजी, इथं सगळं कंट्रोलमध्ये असतं.”

इथे पूर येतो, आणि तो मोजायला शहराने एक शिपाई उभा केलेला आहे. आल्माच्या पुलाच्या खांबाशी एक भला मोठा दगडी सैनिक आहे. दाढी राखलेली, टोपी घातलेली, पायांत ढगळ विजार. त्याला झुआव्ह म्हणतात. झुआव्ह म्हणजे मुळात अल्जीरियात उभारलेल्या फ्रेंच पायदळातला शिपाई, आणि पुलाला नाव मिळाले ते १८५४ साली क्रिमियाच्या युद्धात झालेल्या आल्माच्या लढाईवरून. परंतु पॅरिसचा माणूस त्याच्याकडे लढाईसाठी पाहत नाही. सेनचे पाणी त्याच्या पायांना लागले की काठावरचे खालचे रस्ते बंद होतात आणि मांड्यांपर्यंत चढले की नदीत नावा चालत नाहीत, असा तिथला जुना हिशेब आहे. जानेवारी १९१० च्या महापुरात ते पाणी त्याच्या खांद्यांपर्यंत आले होते. त्या वेळी मोजपट्टीवर ८.६२ मीटरची नोंद झाली आणि भुयारी रेल्वेच्या बोगद्यांत पाणी शिरले. अधिकृत मोजपट्टी ऑस्टर्लिट्झच्या पुलाशी आहे, तरी २०१६ आणि २०१८ च्या पुरांत लोक बघायला गेले ते या शिपायाकडेच.

माझ्या माहेरी नेमके असेच होते. राजापूर बंधाऱ्यातून किती क्युसेक विसर्ग सोडला हे हल्ली मोबाइलवर येते, आकडे लाखांत असतात, पण गावातली म्हातारी माणसे विचारायची ते एवढेच, की पाणी मारुतीच्या कितव्या पायरीला लागले. कल्लोळ-यडूर बंधारा पाण्याखाली गेला की पलीकडचा संबंध तुटला. तिसरी पायरी बुडाली की जनावरे सोडून माळावर न्यायची. पाणी उंबऱ्याला लागले की माणसांनी निघायचे. २००५ साली आणि पुन्हा २०१९ साली पाणी उंबरा ओलांडून आत गेले. अक्कांना त्या नावेत कुणी एवढेच सांगितले असते, की तो बघा त्यांचा मारुती, तर माझी खात्री आहे, त्या जन्मभर पॅरिस विसरल्या नसत्या. आमची नाव त्या पुलाखालून दोनदा गेली, जाताना एकदा आणि येताना एकदा. दोन्ही वेळा कुणीही वर पाहिले नाही.

हे सारे मला त्या रात्री हॉटेलच्या खोलीत बसून कळले. निघण्यापूर्वी वाचनालयातून आणून वाचलेले थोडे आठवत होते, बाकीचे नातवाला फोनवर विचारले, आणि वहीत पुलांची क्रमवार यादी लिहून काढली. दुसऱ्या दिवशी विमान संध्याकाळचे होते आणि सकाळ ‘मोकळा वेळ’ म्हणून दिलेली होती. बहुतेक मंडळी पुन्हा खरेदीला गेली. आम्ही तिघे आणि गोकाकच्या अक्का अशा चौघांनी टॅक्सी केली, आपापल्या पैशाने तिकिटे काढली आणि सकाळी दहाच्या नावेत जाऊन बसलो. नदी तीच, नावही तशीच. तरीही तो तास आदल्या संध्याकाळच्या तासासारखा अजिबात नव्हता, आणि हा फरक कशाने पडला, तेच आपल्यासमोर मांडायचे आहे.

पहिला फरक उजव्या-डाव्याचा. नदीचा डावा आणि उजवा तीर नेहमी प्रवाहाच्या दिशेला तोंड करून ठरवतात. सेन शहरातून साधारण पूर्वेकडून पश्चिमेकडे वाहते, म्हणून दक्षिणेचा तो डावा तीर आणि उत्तरेचा तो उजवा. पण आयफेलकडून निघालेली नाव आधी प्रवाहाच्या विरुद्ध जाते, त्यामुळे ‘डावा तीर’ आपल्या उजव्या हाताला येतो. आदल्या संध्याकाळी निवेदनातल्या डाव्या-उजव्या तीरांनी आमची मंडळी भलत्याच बाजूला माना वळवत होती आणि लूव्हर संग्रहालय समजून कुठल्यातरी सरकारी इमारतीचे फोटो काढत होती. मी वहीच्या वरच्या कोपऱ्यात लिहून ठेवले : जाताना लूव्हर डाव्या हाताला, ऑर्से संग्रहालय उजव्या हाताला. एवढ्यावर काम भागले. या प्रवाहाचा आणखी एक उपयोग असा, की नदीला समांतर असलेल्या रस्त्यांवर घरांचे क्रमांक पाणी वाहते त्या दिशेने वाढत जातात आणि नदीपासून दूर जाणाऱ्या रस्त्यांवर ते नदीच्या टोकापासून सुरू होतात. म्हणजे त्या शहरात वाट चुकलेल्या माणसाला दारावरच्या आकड्यांवरून नदी सापडते. ही गोष्ट पहिल्या दिवशी कळली तर उपयोगाची. आम्हाला ती सामान बांधायच्या दिवशी कळली.

माझ्या विनंतीचा गाभा इथेच आहे. ही नाव म्हणजे थकलेल्या पर्यटकांना बसायला दिलेली जागा नव्हे, ती त्या शहराची अनुक्रमणिका आहे. पॅरिसचा मूळ गाव नदीतल्या सिते बेटावर, आणि तिथून शहर दोन्ही काठांना पसरत गेले. ही गोष्ट बसच्या खिडकीतून कधीच उमगत नाही, कारण बस एका चौकातून दुसऱ्या चौकात जाते आणि मधल्या वाहतुकीत दिशा हरवते. नावेतून मात्र सगळे ओळीने येते. कॉन्कॉर्डचा पूल आला की सांगायचे, बास्तीयचा तुरुंग १४ जुलै १७८९ रोजी पडला आणि पाडलेल्या तुरुंगाचे दगड या पुलाला वापरले, तो १७९१ मध्ये पुरा झाला. ज्या दगडांच्या आत माणसे कोंडली होती, त्यांवरून लोक चालू लागले. शाळेत दरवर्षी फ्रेंच राज्यक्रांती शिकवताना मी फळ्यावर बास्तीय काढत असे, आणि ते दगड आपल्याला डोक्यावर पाहायला मिळतील असे तेव्हा कधी वाटले नव्हते. लगेच पुढे उजव्या हाताला दोन प्रचंड घड्याळांची इमारत येते. ते १९०० च्या प्रदर्शनासाठी बांधलेले रेल्वे स्थानक होते. पुढे गाड्या लांब झाल्या, फलाट आखूड पडले, स्थानक निकामी झाले, आणि १९८६ मध्ये तिथे ऑर्से संग्रहालय उघडले. आमच्या यजमानांची सारी नोकरी रेल्वेत गेली. संग्रहालयातल्या चित्रांत त्यांना फारशी गोडी नव्हती, पण फलाट आखूड पडला म्हटल्यावर ते उठून काचेपाशी जाऊन उभे राहिले.

त्यानंतर ‘पाँ-नफ’ येतो, म्हणजे शब्दशः नवा पूल. शहराच्या हद्दीत सेनवर ३७ पूल आहेत आणि आज उभ्या असलेल्यांत हा ‘नवा’ पूलच सर्वांत जुना आहे. पायाभरणी १५७८ ची, पूर्णता १६०७ ची. त्या काळी पुलांवर दुतर्फा घरे असायची. याच्यावर घरे बांधली नाहीत आणि चालणाऱ्यांसाठी पदपथ केले, हाच काय तो त्याचा नवेपणा. कमानींवर शेकडो दगडी मुखवटे आहेत, एकही दुसऱ्यासारखा नाही, आणि ते नीट दिसतात ते फक्त पाण्यावरून. अक्कांनी त्यांतला एक आपल्या नणंदेसारखा दिसतो असे ठरवले. त्या पुलाच्या अलीकडेच प्रेमिकांनी कुलपे लावलेला तो पादचारी पूल आहे. कुलपांच्या वजनाने २०१४ मध्ये कठड्याचा एक भाग कोसळला आणि पुढच्या वर्षी ती सगळी काढून टाकली. आपले नवसाचे धागे निदान हलके असतात.

बेटापाशी आल्यावर नाव दक्षिणेच्या शाखेत शिरली आणि या वेळी नोत्र-दाम समोर आले तेव्हा आम्ही चौघेही तयार होतो. वन्संनी चप्पल काढली. नावेत चप्पल काढून काय करायचे, असे मी विचारणार होते, पण विचारले नाही. नव्याने चढवलेला मधला टोकदार मनोरा, बाजूचे दगडी आधार, मागचे अर्धगोल टोक हे सगळे बाजूने आणि पाठीमागून जसे नदीतून दिसते, तसे समोरच्या प्रांगणातून दिसत नाही; तिथे फक्त दोन बुरूज आणि दर्शनाची रांग दिसते. काठाच्या कठड्यावर हिरव्या पेट्यांची लांबच लांब ओळ होती. ती जुन्या पुस्तकांची दुकाने, दोन्ही तीरांवर मिळून सुमारे तीन किलोमीटर. परतताना नाव उत्तरेच्या शाखेतून आली आणि कॉन्सिएर्जरी या जुन्या तुरुंगाचे गोल बुरूज दिसले, जिथे १७९३ मध्ये राणी मारी आंत्वानेतला शेवटचे काही आठवडे कोंडून ठेवले होते. शेवटी आल्माच्या पुलाशी मी अक्कांना शिपाई दाखवला आणि खांद्यांपर्यंत हात नेऊन १९१० चे पाणी दाखवले. त्या बराच वेळ मागे वळून त्याच्याकडे पाहत राहिल्या आणि म्हणाल्या, “मग ह्यांच्या घरात चिखल किती आला असंल.”

आपण म्हणाल, एका शिक्षिकेला हे सुचले, सगळ्यांना कसे सुचेल? म्हणून काशीची आठवण देते. आपल्यापैकी कितीतरी जण काशीयात्राही नेतात, आणि तिथे आपण नाव कधीच शेवटच्या दिवशी ठेवत नाही. पहाटे साडेचारला दारे वाजवून लोकांना उठवता, अंधारात घाटावर नेता, आणि कुणाची तक्रार नसते. कारण गंगा तिथे उत्तरेकडे वाहते, घाट पूर्वेला तोंड करून आहेत आणि सूर्य पलीकडच्या वाळवंटावरून उगवून सरळ पायऱ्यांवर पडतो, हे आपणास पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. नावाडी घाटांची नावे घेत जातो, भोसले घाट आला, शिंदे घाट आला, अहिल्याबाईंचा घाट आला की आपली मंडळी हात जोडतात, आणि ज्या विश्वनाथाचे देऊळ अहिल्याबाईंनी १७८० मध्ये पुन्हा उभारले, त्याच्या दर्शनाला ती मंडळी मागाहून जातात तेव्हा गल्ल्यांतही त्यांना नदी कोणत्या अंगाला आहे हे कळत असते. आधी नाव, मग गाव. हा क्रम आपलाच आहे. पॅरिसला गेल्यावर तो उलटा का होतो?

अडचणी मी समजू शकते. युरोपात बसचालकाला रोजची सलग विश्रांती द्यावीच लागते, गाडी चालवण्याच्या तासांवर मर्यादा आहे, त्यामुळे रात्री दहानंतरची नाव धरायची तर परतीची दुसरी सोय करावी लागते आणि खर्च वाढतो. म्हणूनच माझी मागणी रोषणाईची नाही. मे-जूनमध्ये रोषणाई खरोखर दाखवता येत नसेल तर पत्रकातून तो शब्द काढावा, एवढेच. माझी मागणी पहिल्या पूर्ण दिवसाच्या सकाळची आहे. नावा सकाळी दहापासून सुरू होतात आणि पुढे ठरावीक अंतराने सुटत राहतात. त्या वेळी गर्दी कमी असते, लोक ताजेतवाने असतात, आणि नंतर दिवसभर बसमधून जे दिसेल ते आधीच ओळखीचे झालेले असते. आमच्या तिकिटांवर ठरावीक वेळ छापलेली नव्हती, त्यामुळे निदान आमच्यापुरती तरी तिकिटाची आडकाठी नव्हती. अडला होता तो फक्त अत्तराच्या दुकानाचा वेळ, आणि त्या दुकानाचे गणित आपण जाणता, मी त्यात शिरत नाही.

धक्क्याविषयीही एक सांगायचे आहे. रस्त्यावरून नदीच्या पातळीपर्यंत खाली उतरावे लागते. कुठे पायऱ्या आहेत, कुठे उतार. वन्संचे दोन्ही गुडघे दुखरे आहेत; पहिल्या संध्याकाळी घाईत त्यांना पायऱ्यांनी उतरवले, दुसऱ्या दिवशी आम्ही थोडे पुढे चालून उतार शोधला. सहलीत साठीच्या पुढचे लोक बहुसंख्य असतात हे आपणास पैसे भरून घेतानाच कळलेले असते, तेव्हा उतार कोणत्या बाजूला आहे ते व्यवस्थापकाने आधी पाहून ठेवावे. उघड्या भागात वारा बोचतो, मे महिन्यातही, म्हणून शाल हाताशी ठेवायला सांगावे. आणि काचेतून फोटो काढायचा हट्ट धरणाऱ्यांना बाहेरच्या बाकांवर बसवावे, म्हणजे आतल्यांना नदी दिसेल.

भाषेचा मुद्दा सर्वांत सोपा आहे आणि तरीही तो कुणी केलेला नाही. सीमाभागातला प्रवासी घरून दोन भाषा घेऊन निघतो, आणि नावेत बसल्यावर त्याला तिसरीच ऐकावी लागते. नावेच्या यंत्रात मराठी-कन्नड घाला असे आपण त्या लोकांना सांगू शकणार नाही, पण एका बाजूला मराठी आणि दुसऱ्या बाजूला कन्नड असा एक साधा कागद बेळगावच्या कोणत्याही छापखान्यात छापून घेता येतो. त्यावर पूल क्रमाने, कोणत्या हाताला काय, आणि प्रत्येकी दोन ओळी. तो कागद आदल्या रात्री जेवणाच्या वेळी वाटावा, नावेत वाटू नये. नावेत माणसाने वर पाहायचे असते, खाली नाही. वाढदिवस असल्यास कुंदा अवश्य वाटावा, पण नाव बेटाला वळसा घालून परतीला लागल्यावर, कारण येताना आल्मापर्यंत बराचसा भाग पाहिलेलाच असतो.

असा मराठी मजकूर मी लिहून तयार ठेवला आहे, आणि गोकाकच्या अक्कांच्या सूनबाईंनी, त्याही शिक्षिका आहेत, त्याचे कन्नड रूपांतर करून दिले आहे. दोन्ही मिळून एक पान होते, पाठपोट. त्याचे मानधन नको, त्यावर आमची नावे नकोत. ज्या आयोजकांना हवा असेल त्यांनी तो घ्यावा, आपल्या नावेच्या मार्गाप्रमाणे दुरुस्त करावा आणि छापावा. पुढच्या उन्हाळ्याच्या सहलींची पत्रके दिवाळीच्या सुमारास छापायला जातात असे ऐकते. त्यात पॅरिसच्या शेवटच्या दिवसापुढची ती ओळ उचलून पहिल्या सकाळपुढे ठेवता आली, तर पत्रक निघाल्यावर मला त्याची एक प्रत पाठवावी. वन्संना पुन्हा जायचे आहे, आणि या वेळी अक्का त्यांच्या धाकट्या बहिणीला घेऊन येणार आहेत.

कळावे, लोभ असावा.

आपली नम्र,
एक निवृत्त शिक्षिका
शहापूर, बेळगाव